'राइटरनं लिहिलं ना सगळं?'

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही गडहिंग्लजजवळच्या एका गावात राहतो. माझ्या थोरल्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (सीपी) आहे. हात स्थिर राहत नाहीत, म्हणून परीक्षेत तो सांगेल ते लिहून घेणारा राइटर असतो; बोलणं अडखळतं, चालायला वॉकर लागतो. यंदा तो बी.कॉम. झाला, फर्स्ट क्लासमध्ये. माझ्या माहेरी-सासरी मिळून हा पहिला पदवीधर. मी गल्लीत पेढे वाटले. जाऊबाईंनी पेढा हातात घेतला आणि म्हणाल्या, "पण पेपर राइटरनं लिहिले ना सगळे?" मला काही बोलताच आलं नाही. मिस्टर म्हणतात, गाजावाजा नको, लोक तोंडावर गोड बोलतात आणि मागं कीव करतात. आणि ज्याच्यासाठी पेढे वाटले तो तिसरंच म्हणतो. जन्मल्यावर त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, ते मी सगळ्यांना सांगते. त्यावर तो चिडतो. "आई, निकाल सांगायचाय ना? मग पेटीपासून कशाला सुरुवात करतेस?" ताई, मला त्याचा फार अभिमान वाटतो. त्यात माझं काही चुकतंय का? आणि आता पुढं त्यानं काय करावं?
— एक आई, जि. कोल्हापूर

उत्तर : पेढे वाटलेत हे फार चांगलं केलंत. दोन्ही घरांतला पहिला पदवीधर, तोही फर्स्ट क्लास. यावर नाही वाटायचे तर मग कशावर? पोराला माझी शाबासकी सांगा.

जाऊबाईंचा प्रश्न माझ्याही दारात येऊन गेलेला आहे. माझ्या लेकीला सीपी आहे आणि ती बी.कॉम. झाली ती राइटर घेऊनच. शिवाय मी स्वतः ज्युनिअर कॉलेजात अकाउंट्स शिकवण्यात आयुष्य काढलं. त्यामुळे राइटरच्या त्या वेगळ्या खोलीत काय चालतं हे मला जरा जवळून ठाऊक आहे. तुम्हाला त्या वेळी बोलता आलं नाही ना, मग आता मी बोलते. हवं तर हे पान जाऊबाईंना वाचायला द्या.

हो, राइटरनं लिहिलं. कानावर पडेल ते कागदावर उतरवायचं, एवढंच त्याचं काम. माझ्या लेकीच्या वेळी नियम असा होता, की राइटर आपण आणायचा झाला तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी तरी कमी हवं. म्हणून शेजारचा मुलगा यायचा, बारावी आर्ट्स झालेला. फार गुणी पोरगा, पण डेबिटची बाजू कोणती हे त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नसणंच नियमाला हवं होतं.

आता अकाउंट्सचा पेपर डोळ्यांसमोर आणा. विक्री 4,80,000 आणि त्यातून परत आलेला माल 12,000. हातानं लिहिणारा विद्यार्थी उजव्या बाजूला 'बाय सेल्स' लिहितो, आतल्या रकान्यात 4,80,000, त्याखाली 'लेस रिटर्न्स' 12,000, वजाबाकी करून बाहेरच्या रकान्यात 4,68,000. अर्ध्या मिनिटाचं काम, हात आपोआप चालतो. माझ्या लेकीला यातलं प्रत्येक पाऊल तोंडानं सांगावं लागायचं. कोणती बाजू, कोणता रकाना, कोणत्या ओळीच्या खाली, रेघ कुठं मारायची. आम्ही घरी सराव करून खुणेचे शब्द ठरवले होते. 'आत' म्हणजे आतला रकाना, 'बाहेर' म्हणजे बाहेरचा, 'दुहेरी' म्हणजे बेरजेखालच्या दोन रेघा. 'मशिनरी' हा शब्द तिच्या तोंडून तुकड्यातुकड्यानं येतो. ताण आला की सीपीमध्ये स्नायू आणखी आखडतात, मग जीभही जड होते. म्हणजे पेपर जितका अवघड, तितकं बोलणं अवघड.

प्रश्नाच्या तळाशी समायोजनं, म्हणजे दोन-दोन ठिकाणी दाखवायच्या नोंदी, असतात ती वेगळीच. शिल्लक माल एकदा व्यापारी खात्यात दाखवायचा, एकदा ताळेबंदात. देणं राहिलेली मजुरी एकदा मजुरीत मिळवायची, एकदा देण्यांच्या बाजूला. बाकीची मुलं पेन्सिलनं प्रश्नपत्रिकेवर टिकमार्क करत जातात, म्हणजे दुसरा परिणाम विसरायला होत नाही. तिच्यासाठी प्रत्येक टिकमार्क म्हणजे बोलायचं आणखी एक वाक्य. ते वाचवायला ती निम्मी समायोजनं डोक्यातच धरून बसायची.

एका पेपराची गोष्ट तर मी माझ्या वर्गात दर वर्षी सांगायचे. ताळेबंदाच्या दोन बाजू जुळेनात. फरक आला 2,700. राइटर बिचारा घाबरला, वेळ संपत आलेली. लेकीनं फरकाला नऊनं भाग जातो का ते पाहिलं. जातो, बरोबर तीनशे वेळा. हिशेबातल्या माणसांना ही खूण माहीत असते. फरक नऊच्या पटीत असला, तर बहुतेक वेळा कुठल्या तरी रकमेतले दोन आकडे अदलाबदल झालेले असतात. तिनं राइटरला सांगितलं, बेरीज पुन्हा करू नकोस, रकमा एकेक करून मोठ्यानं वाच. देणेकऱ्यांचे 68,500 त्याच्या हातून 65,800 उतरले होते. खोडलं, बदललं, ताळा जमला. नुसता हात चालवणाऱ्या माणसाला हे सुचत नाही. ज्याला विषय येतो त्यालाच सुचतं, आणि त्या खोलीत विषय येणारं माणूस एकच होतं.

जादा वेळेबद्दलही लोक बोलतात. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान 20 मिनिटं वाढीव वेळ दिलेला होता, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. हा तास कुठं जातो ते वर सांगितलंच. चार तास सलग बोलून बघावं कुणी. लेक सकाळपासून पाणी कमी प्यायची, कारण मधे उठायचं म्हटलं तर मदतीला माणूस लागायचं आणि वेळ जायचा. प्रश्नपत्रिका तीच, तपासणारे तेच, पास व्हायला लागणारे गुणही तेवढेच. तुमच्या मुलाचंही काही वेगळं झालेलं नाही.

खोट्या प्रमाणपत्रांच्या बातम्या पेपरात येतात, त्यामुळे लोकांच्या मनात शंका येते हे मला समजतं. अशी प्रमाणपत्रं काढणाऱ्यांचा मला तुमच्यापेक्षा कमी राग येत नाही. त्यांच्यामुळे खऱ्या मुलांना दर परीक्षेत स्वतःला सिद्ध करत बसावं लागतं. पण म्हणून घरच्या माणसानं, ज्यानं पोराला लहानाचं मोठं होताना बघितलंय, त्यानं अशी शंका घ्यावी हे मला पटत नाही.

तरीही जाऊबाईंशी भांडू नका. मला वाटतं त्यांना खरंच माहीत नसावं. त्यांच्या घरात बारावीच्या आसपासचं कुणी असेल, तर त्याला एखाद्या रविवारी जुनी प्रश्नपत्रिका घेऊन तुमच्या मुलासमोर बसवा. तुमचा मुलगा सांगेल, त्यानं लिहायचं. पुढच्या परीक्षांना राइटर लागणारच आहे, तेव्हा ही गंमत म्हणून नव्हे, गरज म्हणूनच सांगते. घरातलं एक पोर तयार होईल आणि ते घरी जाऊन आईला जे सांगेल त्याला तुमच्या-माझ्या बोलण्यापेक्षा वजन असेल.

मिस्टरांबद्दल फार लिहीत नाही. त्यांना अभिमान नाही असं मला पत्रावरून वाटलं नाही. लोकांच्या नजरा त्यांनी जास्त झेलल्या असतील, दुकानात, एस.टी.त, दवाखान्यात. एकदा त्यांनाच विचारा, कुणाच्या बोलण्याचा त्रास झाला होता. कदाचित आजवर कुणी विचारलं नसेल.

मुलगा म्हणतो त्यावर मात्र थांबून विचार करायला हवा, कारण मला तो बरोबर वाटतो, आणि तुम्हीही चूक वाटत नाही. काचेची पेटी ही तुमची गोष्ट आहे. त्या रात्री तुम्ही जागलात, डॉक्टरांचे चेहरे तुम्ही वाचलेत, त्याला तर त्यातलं काहीच आठवणार नाही. पुढं त्याला उचलून वर्गापर्यंत नेलंत, मालिश, व्यायाम, घास भरवणं, हे सगळं तुमच्या शरीरानं केलं. या कष्टांचा अभिमान तुम्हाला वाटायलाच हवा, आणि तो बोलायलाही हवा. आमच्याकडे अशा मुलांच्या आया बोलतच नाहीत. कुणी कौतुक केलं तर 'देवाची कृपा' म्हणून विषय संपवतात. देव आहेच, पण पहाटे उठून पोराचे आखडलेले पाय सैल करणारी बाईही आहे.

फक्त निकाल ही त्याची गोष्ट आहे. त्यानं अभ्यास केला, त्यानं पेपर दिले. निकाल सांगताना पेटीपासून सुरुवात झाली, की ऐकणाऱ्याचं लक्ष त्याच्या अभ्यासावरून त्याच्या आजाराकडे जातं, आणि 'किती सहन केलं हो तुम्ही' असं म्हणून पाहुणे त्याच्याकडे न बघता तुमच्याकडे बघतात. समोर वॉकर धरून उभा असलेला एकवीस-बावीस वर्षांचा माणूस आपल्याच निकालाच्या वेळी बाजूला पडतो. त्याला हेच खटकत असणार. म्हणून असं करून पाहा. कुणी आलं की म्हणा, 'निकाल लागलाय, तोच सांगेल.' तो सांगेल अडखळत, वेळ लागेल, पाहुण्याला थांबावं लागेल. थांबू दे. मधे त्याचं वाक्य पुरं करू नका. आपल्याला ती सवय असते, पटकन जीभ चालते. आणि तुमची गोष्ट सांगायला वेगळी वेळ, वेगळी माणसं शोधा. नुकतंच ज्यांच्या बाळाला सीपी असल्याचं कळलंय अशी एखादी आई तालुक्याच्या दवाखान्यात नक्की असेल. काचेची पेटी तिला सांगा. तिला त्या गोष्टीचा शेवट बी.कॉम. फर्स्ट क्लास आहे हे कळायला हवं.

इथे मला मुंबईच्या डॉ. मिठू अलूर आठवतात. त्यांची मुलगी मालिनी छिब यांना सीपी. त्या काळी सीपी म्हणजे शिकू न शकणारं मूल, असाच सरसकट समज होता. वास्तविक हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या भागाला इजा झालेली असते, बुद्धीला प्रत्येक वेळी धक्का लागतोच असं नाही. लेकीसाठी शाळा नाही म्हणून या आईनं 1972 मध्ये स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्थाच उभी केली. मालिनी पुढे सेंट झेवियर्स कॉलेजातून पदवीधर झाल्या आणि लंडनला जाऊन त्यांनी दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या. त्या एका बोटानं टाइप करतात. आईचं काम आईच्या नावावर आहे, मुलीच्या पदव्या मुलीच्या नावावर. दोघींचं मोठेपण आपापल्या जागी आहे.

आता पुढं काय. याचं पहिलं उत्तर मुलाकडूनच यायला हवं, पण माहिती तुमच्या हाताशी असू दे. एम.कॉम. करायचं असेल तर 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव आहेत, वयाची अटही पाच वर्षांनी शिथिल होते. सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण आहे. त्यातला 1 टक्का हालचालीशी संबंधित अपंगत्वाच्या गटासाठी, आणि सीपी त्या गटात येतं. या दोन्हींना किमान 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, अजून काढलं नसेल तर आधी तेच काम करा. माझी लेक एका करसल्लागारांकडे घरी बसून जीएसटीचं काम करते. कीबोर्डवर तिचा वेग कमी आहे, चुका त्याहून कमी आहेत. तुमच्या मुलाला टॅली, हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, येत असेल तर हा रस्ता गावातूनही खुला आहे.

आणखी एक. त्याच्या नावावर बँकेत स्वतंत्र खातं आहे का? आमच्याकडून एका बँकेनं पालकत्वाचं प्रमाणपत्र मागितलं होतं, लेक सज्ञान आणि पदवीधर असताना. ज्याला स्वतःचे निर्णय घेता येतात त्याला पालक नेमायची गरज नसते, हे शांतपणे पण ठामपणे सांगा. सही जमत नसेल तर अंगठ्याच्या ठशावर खातं चालवता येतं. पहिला पगार त्याच्या खात्यात पडला पाहिजे, आणि त्यातून पेढे आणायचे की आणखी काही, ते त्याचं तो बघेल.

प्रश्न : माझ्या मुलीला डिस्लेक्सिया आहे, वाचायला-लिहायला अडचण येते. दहावी-बारावीला बोर्डाच्या सवलती घेतल्या, चांगल्या गुणांनी पास झाली. आता मानसशास्त्र घेऊन बी.ए.ला प्रवेश घेतलाय. ती म्हणते, कॉलेजात कुणाला काही सांगायचं नाही, सवलतीचे मार्क म्हणतात सगळे. कॉलेजच्या ऑफिसातही सांगितलं की या सवलती फक्त बोर्डापुरत्या असतात. तिचं ऐकावं की आग्रह धरावा?
— एक वडील, डोंबिवली

उत्तर : ऑफिसात सांगितलं ते बरोबर नाही. 2016 च्या कायद्यानं अपंगत्वाचे 21 प्रकार मान्य केले, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे (डिस्लेक्सिया यातच येतो), आणि कायदा बारावीला संपत नाही. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लिहिताना अडचण येणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की राइटरची सोय 40 टक्क्यांच्या अटीत अडकवता येणार नाही. त्यानंतर 40 टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व असलेल्यांसाठीही 2022 मध्ये वेगळ्या मार्गदर्शक सूचना निघाल्या. हे नियम मधूनमधून सुधारले जातात, म्हणून विद्यापीठाच्या परीक्षा विभागात चालू परिपत्रक लेखी मागा. तोंडी उत्तरावर परत येऊ नका.

मुलीचं म्हणणं वेगळं, ते ऑफिसच्या बरोबरीला बसवू नका. ती अठरा वर्षांची झाली. वर्गात कुणाला सांगायचं हा तिचाच निर्णय. वरच्या पत्रातल्या जाऊबाईंसारखं कुणीतरी तिला बोललं असेल, शाळेत किंवा क्लासमध्ये. तिला विचारा कोण आणि काय, आणि ऐकून घ्या. बारावीला उतारा पुन्हा पुन्हा वाचून तिनं जे गुण मिळवले ते तिचे आहेत, हे तिला बाबांच्या तोंडून ऐकायचं असेल. तुम्ही पत्रात 'चांगल्या गुणांनी' असं लिहिलंत. तिला असं कधी म्हणालात का, तिच्यासमोर, पाहुण्यांसमोर?

कागदपत्रांचं काम मात्र आत्ताच करून टाका. शाळेतलं जुनं प्रमाणपत्र कॉलेजात चालेलच असं नाही. अठरा पूर्ण झाल्यावर सरकारी रुग्णालयात पुन्हा तपासणी करून घ्या. त्याला वेळ लागतो, तारखा मिळत नाहीत, म्हणून सेमिस्टरच्या परीक्षेच्या तोंडावर धावपळ नको. अर्ज देताना पोचपावती घ्या आणि एक प्रत विभागप्रमुखांना द्या. मानसशास्त्राच्या विभागात समजून घेणारं माणूस भेटण्याची शक्यता जास्त. सवलत मंजूर होऊन फाइलमध्ये असणं वेगळं आणि ती वापरणं वेगळं. तुम्ही मंजूर करून ठेवा, जादा वेळ घ्यायचा की नाही ते पेपरच्या दिवशी तिला ठरवू द्या.